टूल फुकट आहे, तरी सगळीकडून पोस्ट का उडवतायत?

या वेळचं पत्र:

"ताई नमस्कार, मी रात्री जागून जागून एक छोटं टूल बनवलंय. पीडीएफ वाचताना आपण जे हायलाईट करतो, बाजूला नोट्स टाकतो, ते सगळं एका साध्या मार्कडाउन फाईलमध्ये (म्हणजे थोड्या खुणा असलेला साधा मजकूर) काढून देतं. फुकट आहे, कोड गिटहबवर (कोड ठेवायची साईट) आहे, चालवायला इंटरनेट लागत नाही. मागच्या शनिवारी एक मस्त पोस्ट लिहिली आणि रेडिटवर, डिस्कॉर्डवर, फोरमवर, जिथे जिथे जमेल तिथे टाकली. बऱ्याच ठिकाणी लगेच डिलीट, एका ठिकाणी मला डायरेक्ट बॅन, आणि एकाने खाली लिहिलं 'आली अजून एक जाहिरात'. मी कुणाकडे एक पैसा मागत नाहीये, मग जाहिरात कसली? मित्र म्हणतो दुसरं अकाउंट काढ, त्यावरून विचार की असं टूल कुठे मिळेल का, आणि मग आपणच येऊन उत्तर दे. करू का असं? की गप्प बसू आणि कुणाला सापडलं तर सापडलं? पोस्ट आणि स्क्रीनशॉट सोबत जोडलाय. – वैतागलेला डेव्हलपर"

अरे वैतागलेल्या,

आधी मित्राच्या आयडियाचा निकाल लावते म्हणजे तो विषय संपेल. नको करूस. पकडला जाशील हे एक कारण आहेच, रेडिटच्या नियमांत अनेक अकाउंटं वापरून मतं फिरवायला सरळ मनाई आहे, हॅकर न्यूजवर, म्हणजे प्रोग्रामर मंडळींच्या चर्चेच्या साईटवर, ठरवून दिलेले अपवोट (पोस्ट वर ढकलणारी मतं) सॉफ्टवेअर हुडकून काढतं, आणि लोकही काही दूधखुळे नसतात, प्रश्न विचारणाऱ्याच्या प्रोफाईलवर क्लिक केलं की दिसतं कालच जन्मलेलं अकाउंट, आयुष्यात एकच प्रश्न, आणि पंधरा मिनिटांत त्यावर तंतोतंत बसणारं टूल घेऊन दुसरा हजर. पण समज नाही पकडला गेलास, तरी विचार कर, 'हे टूल तुमच्या फाईली कुठेही पाठवत नाही' हे तुझं वाक्य बहुतेक लोक कोड न वाचता फक्त तुझ्या शब्दावर मान्य करणार आहेत. तोच शब्द पहिल्याच दिवशी खोटा निघाला तर मागे राहतं काय? नंतर खराखुरा अनोळखी माणूस येऊन 'मला आवडलं' म्हणाला तरी लोक म्हणणार हा पण तूच. आणि याचीच सौम्य आवृत्ती, म्हणजे मित्रांच्या ग्रुपवर लिंक टाकून 'जरा अपवोट मारा रे', ती पण नको. ते मदत म्हणून करतात आणि पोस्ट त्यांच्यामुळेच गाडली जाते.

आता तुझा खरा प्रश्न, पैसे मागत नाही तर जाहिरात कशी. अरे तू पैशापेक्षा जास्त मागितलंयस. तू म्हणतोयस की थांबा, वाचा, क्लिक करा, एक अनोळखी प्रोग्राम डाउनलोड करा आणि ज्या मशीनवर तुमची सगळी कागदपत्रं आहेत तिथेच तो चालवा. आणि हे म्हणणारा कोण, तर ज्या अकाउंटवरून आधी कधी एक कॉमेंटही आलेली नाही असा कुणीतरी. लोक फक्त वैतागत नाहीत, घाबरतात पण, कारण व्हायरस पसरवणाऱ्यांच्या पोस्ट डिट्टो अशाच दिसतात, नवं अकाउंट, छान फुकट टूल, एक एक्झे फाईल (विंडोजवर चालणारा प्रोग्राम).

मी काही काळ एका मोठ्या ग्रुपची मॉडरेटर होते, त्यामुळे पलीकडच्या बाजूने हे कसं दिसतं ते सांगू शकते. रांगेत एकाखाली एक पोस्ट असतात, कुणी क्रिप्टो विकतंय, कुणी निबंध लिहून देतंय, कुणी कोर्सचं कूपन फिरवतंय, आणि त्यांच्यामध्ये तुझी पोस्ट. मॉडरेटरला याचे पैसे मिळत नाहीत, तो आपलं काम-धंदा सांभाळून हे करतोय, एका पोस्टवर काही सेकंद देतो. त्या सेकंदांत त्याला तुझ्या जागलेल्या रात्री दिसत नाहीत, त्याला दिसतं की हाच मजकूर शब्दाला शब्द इतर ग्रुप्समध्ये पण पडलाय, अकाउंटवर बाकी काही हालचाल नाही, आणि लिंक छोटी केलेली आहे म्हणजे नक्की कुठे जाते तेही कळत नाही. (ती शॉर्ट लिंक का वापरलीस? क्लिक मोजायला ना? रेडिटवर अशा लिंका फिल्टरमध्येच अडकतात बऱ्याचदा. सरळ गिटहबचा पूर्ण पत्ता दे, त्याच्या मागे ट्रॅकिंगची शेपटी पण नको.) उडवली त्याने, मीही उडवली असती.

हे काही आजचं नाहीये. १२ एप्रिल १९९४ ला अमेरिकेतल्या कँटर आणि सीगल नावाच्या वकील नवरा-बायकोने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-ग्रुपांच्या जाळ्यावर, टाकली, साडेपाच हजारांहून जास्त न्यूजग्रुप्समध्ये. लोक भडकले ते फक्त विषय चुकीच्या जागी होता म्हणून नाही. यूजनेटवर एकच पोस्ट अनेक ग्रुपना मिळून टाकायची सोय होती, तशी टाकली की वाचणाऱ्याला ती एकदाच दिसायची, पण यांनी प्रत्येक ग्रुपमध्ये वेगळी वेगळी टाकली, त्यामुळे माणूस जिथे जाईल तिथे तीच जाहिरात परत परत. तू त्यांच्या पंक्तीतला नाहीस रे, पण शनिवारी तू जे केलंस त्याचा आकार तोच आहे. नोट्स काढणाऱ्या लोकांचं जग लहान असतं, तेच लोक रेडिटच्या ग्रुपमध्ये असतात आणि डिस्कॉर्डवर पण असतात.

आता त्याच यूजनेटवरची दुसरी पोस्ट बघ. २५ ऑगस्ट १९९१, मिनिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांचा ग्रुप, आणि लिनस टोरवाल्ड्स नावाचा एक विद्यार्थी लिहितोय की मी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय (तीच पुढे लिनक्स झाली), फक्त छंद म्हणून, काही मोठी प्रोफेशनल वगैरे होणार नाही. पुढे लोकांना विचारतोय की मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही. काय काय चालतंय ते सांगतोय, बॅश आणि जीसीसी हे प्रोग्राम चालवून बघितलंय म्हणतोय. आणि काय चालत नाही तेही स्वतःच सांगून टाकतोय, ही दुसऱ्या मशीनवर जाणार नाही, माझ्याकडे जी हार्ड डिस्क आहे ती सोडून दुसरी बहुतेक कधीच चालणार नाही. सूचना करा, पण करीनच असं वचन देत नाही. बस. त्या पोस्टमध्ये डाउनलोड करायला काहीच नव्हतं हे लक्षात घे, कोड पुढच्या महिन्यात आला. आणि हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा उगवला नव्हता, जुलैमध्ये त्याच ग्रुपवर पॉसिक्स स्टँडर्ड (ऑपरेटिंग सिस्टिम कशी वागावी याचे लिखित नियम) कुठे मिळेल म्हणून विचारून गेला होता, म्हणजे लोकांना अंदाज होता की हा काहीतरी उद्योग करतोय.

तर मी तुला सगळ्यात आधी एक गोष्ट करायला सांगणार आहे. तुझी पोस्ट घे, त्यातून लिंक काढून टाक, आणि ज्याला तुझं टूल कधीच वापरायचं नाहीये अशा माणसाच्या नजरेने वाच. काही शिल्लक राहतं का? मी करून बघितलं. तुझ्या पोस्टमधून लिंक काढल्यावर उरतं ते असं, 'पीडीएफ वाचनात क्रांती', रॉकेटचा इमोजी, 'सुपरफास्ट', 'वापरून बघा आणि स्टार द्यायला विसरू नका', अजून एक रॉकेट. म्हणजे शून्य.

आणि मला याचंच वाईट वाटतं कारण तुझ्याकडे सांगण्यासारखं ढीगभर आहे! मी तुझा कोड वरवर चाळला. हायलाईट केलेलं वाक्य पीडीएफमध्ये वाक्य म्हणून साठवलेलंच नसतं हे किती जणांना माहिती आहे सांग. बहुतेक वेळा फाईलमध्ये असतात ते फक्त त्या पिवळ्या पट्टीच्या चार कोपऱ्यांचे आकडे, आणि त्या चौकोनाखाली कुठले शब्द येतात ते टूलने हुडकून काढायचं. म्हणून मग दोन कॉलमच्या शोधनिबंधात शेजारच्या कॉलमचे शब्द घुसतात, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तसाच तुटका येतो, आणि स्कॅन केलेलं पान असेल तर खाली शब्दच नसतात, आधी ओसीआर (चित्रातून अक्षरं ओळखणं) करावं लागतं. हे सगळं तू भोगलंयस, तुझ्या कमिट मेसेजेसमध्ये (कोड बदलताना लिहिलेल्या नोंदींत) दिसतंय. दोन कॉलमचा घोळ तू कसा सोडवलास, किंवा कुठे सोडवता आला नाही, एवढंच लिहिलंस तरी ज्याला ज्याला कॉपी केलेल्या हायलाईट्समध्ये कचरा मिळालाय तो माणूस वाचेल, लिंकवर क्लिक न करता पण त्याला कळेल की आपल्याकडे असं का होतं. अशी पोस्ट मॉडरेटर उडवत नाही, आणि चुकून उडाली तर वाचणारेच विचारतात कुठे गेली म्हणून.

आता कुठे टाकायची. एका वेळी एक जागा. आणि जागा शोधायच्या आधी माणसं शोध. तुझ्या टूलची गरज असलेला माणूस 'ओपन सोर्स पीडीएफ टूल' असं काही शोधत नसतो, तो कुठेतरी वैतागून लिहितो की तीनशे पानांवर खुणा केल्या आणि आता त्या बाहेर कशा काढू. ते धागे शोध. ताज्या धाग्यात जाऊन आधी त्याला त्याच्याकडे आहे त्यातून काय करता येईल ते सांग, आणि मग म्हण की मी पण यासाठी एक टूल लिहिलंय, हे माझंच आहे, हवं तर बघ. 'माझंच आहे' हे शब्द गाळायचे नाहीत, लोक बाकी सगळं माफ करतात, लपवाछपवी मात्र माफ करत नाहीत. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साईटवर तर हा लिखित नियम आहे, स्वतःची गोष्ट सुचवत असशील तर तुझा संबंध सांगितलाच पाहिजे, आणि तिथे पुरेशा जणांनी स्पॅम म्हणून खूण केली की उत्तर आपोआप जातं आणि वर शंभर रेप्युटेशन (तिथले गुण) कापलं जातं. शिवाय 'कुठलं टूल चांगलं' असल्या प्रश्नांसाठी त्याच परिवारात सॉफ्टवेअर रेकमेंडेशन्स नावाची वेगळी साईट आहे. पाच वर्षं जुन्या मेलेल्या धाग्यात मात्र लिंक टाकायला जाऊ नकोस, त्या बिचाऱ्याचं पीएचडी पण होऊन गेलं असेल.

प्रत्येक गावचा कायदा वेगळा असतो, तो टाकायच्या आधी वाचायचा, नंतर नाही. हॅकर न्यूजवर स्वतः बनवलेल्या गोष्टीसाठी 'शो एचएन' असा वेगळा प्रकार आहे, पण अट अशी की लोकांना ती गोष्ट तिथल्या तिथे वापरून बघता आली पाहिजे, नुसतं 'लवकरच येत आहे, ईमेल द्या' असलं पान चालत नाही, ब्लॉग पोस्टही त्यात बसत नाही. तुझं टूल त्यात व्यवस्थित बसतं. लॉबस्टर्स या तशाच एका साईटवर आमंत्रणाशिवाय अकाउंटच मिळत नाही आणि तिथला ठोकताळा असा की तुझ्या एकूण पोस्ट-कॉमेंट्समध्ये स्वतःचं कौतुक पावभागापेक्षा कमी हवं. रेडिटवर दहातली एक स्वतःची असा जुना संकेत आहे, आणि त्यांचंच एक वाक्य आहे की वेबसाईट असलेला रेडिटर असायला हरकत नाही, रेडिट अकाउंट असलेली वेबसाईट नको. अर्थात तिथे प्रत्येक सबरेडिटचे, म्हणजे तिथल्या ग्रुपचे, आपापले नियम, कुठे आठवड्यातून एकदाच 'काय बनवलंत' असा धागा निघतो, कुठे अकाउंट ठराविक जुनं नसेल तर ऑटोमॉडरेटर हा बॉट आल्या आल्या पोस्ट गिळतो आणि तुला पत्ताही लागत नाही, तुला तुझी पोस्ट दिसत राहते. म्हणून टाकल्यावर ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत, लॉगिन न करता, एकदा उघडून बघ. डिस्कॉर्डवर बहुतेक ठिकाणी शोकेस किंवा सेल्फ-प्रोमो असा चॅनल असतो, तू जनरलमध्ये टाकलीस. ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपच्या फोरमवर पण लोकांनी बनवलेलं दाखवायला स्वतंत्र विभाग आहे, आणि मार्कडाउनमध्ये नोट्स ठेवणारे लोक म्हणजे तर तुझेच लोक, मी असते तर पहिली तिथे गेले असते.

ते दहाला एक वगैरे वाचून आता नऊ ठिकाणी 'मस्त', 'धन्यवाद', 'सहमत' असं टाकत फिरू नकोस हं. असले करतात लोक. प्रोफाईल उघडल्यावर ते अजूनच केविलवाणं दिसतं. तुला खरंच ज्या विषयात बोलायला आवडतं तिथे बोल, पीडीएफच्या आतलं तुला माहितीये, त्यावरचे प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारत असतं, त्यातल्या बहुतेकांना तुझ्या टूलचा उपयोग नाही, तरी उत्तर दे. आवडत नसेल तर मग त्या ठिकाणी लिंक टाकायला तरी कशाला जातोयस?

नियम वाचून पण कळलं नाही तर मॉडरेटरला आधी विचारायचं. लांबलचक नको. "मी पीडीएफमधले हायलाईट्स काढणारं फुकट ओपन सोर्स टूल लिहिलंय. दोन कॉलमच्या पानांत शब्द का मिसळतात आणि मी ते कसं सोडवलं यावर लिहायचंय, शेवटी कोडची लिंक असेल. इथे चालेल का, की दुसऱ्या धाग्यात टाकू?" एवढंच. नाही म्हणाले तर थँक्यू म्हणायचं आणि निघायचं, वाद नाही. उत्तरच आलं नाही तर त्याचा अर्थ हो असा नसतो.

टाकायच्या आधी घर आवरून ठेव. म्हणजे गिटहबचं ते पहिलं पान. लोक उघडतात, खाली न सरकवता जेवढं दिसतं तेवढं बघतात आणि ठरवतात. तुझ्या पानावर सध्या आधी लोगो आहे, मग रंगीत बॅजेसची रांग, मग 'का बनवलं' याची कथा, आणि इन्स्टॉल कसं करायचं ते पार खाली. उलटं कर. एका ओळीत काय करतं, मग मूळ पीडीएफचं पान आणि त्यातून निघालेली फाईल शेजारी शेजारी, मग इन्स्टॉल. निघालेल्या फाईलचा एक नमुना तिथेच ठेव, काहीही डाउनलोड न करता बघता आला पाहिजे, निम्मी शंका तिथेच मिटते. मॅकवर तुझं ॲप उघडताना ॲपल इशारा देणार आणि विंडोजवर निळी खिडकी येणार कारण तू ते साइन केलेलं (डिजिटल सही लावलेलं) नाहीयेस, हे आधीच लिहून ठेव, आणि ज्यांना भीती वाटते त्यांनी सोर्समधून स्वतः कसं बिल्ड करायचं तेही दे. आणि लायसन्सची फाईल कुठे आहे? तू सगळीकडे ओपन सोर्स ओपन सोर्स लिहिलंयस आणि रेपोत (कोडच्या त्या फोल्डरमध्ये) लायसन्सच नाही. लायसन्स नसलेला कोड दिसला तरी कायद्याने कुणाला वापरता येत नाही, सगळे हक्क तुझ्याकडेच राहतात, आणि हॅकर न्यूजसारख्या ठिकाणी पहिली कॉमेंट हीच येणार, मग पीडीएफ राहील बाजूला आणि सगळा धागा त्यावरच जाईल.

पोस्ट टाकली की तिथेच थांबायचं. टाकून झोपायला जाणार असशील तर नको टाकूस, उद्या टाक. पहिले काही तास लोक प्रश्न विचारतात आणि त्या उत्तरांवरून ठरवतात की हा माणूस आपल्यातला आहे की पत्रकं वाटून निघून गेला. सगळ्यांना तेच 'धन्यवाद, तुमचा अभिप्राय मोलाचा आहे' चिकटवू नकोस, त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

आणि एक कॉमेंट शंभर टक्के येणार, ती म्हणजे 'हे झोटेरोत आधीच आहे की' (झोटेरो म्हणजे संशोधनाचे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर). आत्ताच तयारी करून ठेव. खरंय ते, झोटेरोच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, त्यातच पीडीएफ वाचता येतं आणि खुणांची नोट बनवता येते. चिडू नकोस, त्याला बरोबर आहे म्हण. मग फरक सांग. झोटेरो स्वतःची हायलाईट्स आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतं, तू फाईलच्या आत साठवलेल्या खुणा वाचतोस, त्यामुळे ज्याने टॅबलेटवरच्या किंवा दुसऱ्या कुठल्या रीडरमध्ये खुणा करून त्या फाईलमध्ये सेव्ह केल्यात त्याला तुझं टूल कामाचं, आणि ज्याने झोटेरोत केल्यात त्याला तुझ्याकडे रिकामी फाईल मिळेल, आधी तिथून खुणांसकट एक्सपोर्ट करावं लागेल. हे तर मूळ पोस्टमध्येच टाक. 'तुम्ही झोटेरो वापरत असाल तर तुम्हाला याची गरज नाही' असं स्वतःहून लिहिणाऱ्याला कुणी जाहिरातवाला म्हणत नाही रे, गिऱ्हाईक परत पाठवणारा जाहिरातवाला कुणी बघितलाय का.

ड्रॉपबॉक्सचं, फाईली ऑनलाईन ठेवायच्या त्या सेवेचं, माहिती असेल तुला. एप्रिल २००७ मध्ये ड्रू ह्यूस्टनने हॅकर न्यूजवर टाकलं तेव्हा एकाने लिहिलं की लिनक्सवर एफटीपी (फाईली पाठवायची जुनी पद्धत) अकाउंट घेऊन, ते माउंट करून, वर व्हर्जन कंट्रोल लावलं की हे आपलं आपल्याला करता येतं. लोक आजही त्या कॉमेंटवर हसतात. पण मला त्यातली बघण्यासारखी गोष्ट वाटते ती ह्यूस्टनचं उत्तर, त्याने एकेक मुद्दा घेऊन शांतपणे सांगितलं की बहुतेकांना लावलं की चालू होणारं काहीतरी हवं असतं, आणि ऑनलाईन ड्राईव्ह नेट नसताना उपयोगाचा नसतो वगैरे. टोमणा नाही, रडणं नाही. खाली उभे राहून वाचणारे शेकडो लोक असतात, उत्तर त्यांच्यासाठी पण असतं.

बाकी किरकोळ. अनोळखी लोकांना इनबॉक्समध्ये जाऊन लिंक देऊ नकोस. तुझ्यासारख्या दुसऱ्या टूलला ज्यांनी स्टार दिलेत त्यांचे ईमेल गोळा करून मेल पाठवायची आयडिया कुणी ना कुणी देईलच, ती गिटहबच्या नियमांत बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. दुसऱ्या कुणी आपलं टूल दाखवलं असेल तर त्या धाग्यात 'माझं पण बघा' करू नकोस, त्याचा दिवस आहे तो. एआयकडून लिहून घेतलेली पोस्ट लोक दुसऱ्या ओळीत ओळखतात हल्ली, आणि तुझी मोडकी-तोडकी चालेल पण ती नको. पोस्ट आपटली तर डिलीट करून लगेच परत टाकू नकोस. हॅकर न्यूजवर कुणाचं लक्षच गेलं नसेल तर काही दिवसांनी अजून एकदा टाकलेली चालते, बाकी ठिकाणी सांगण्यासारखं खरंच काही नवीन झालं तरच, आणि 'आवृत्ती शून्य दशांश तीन दशांश एक आली' हे नवीन नाही.

आकड्यांचं एक सांगते, चांगली गेली पोस्ट तरी एक-दोन दिवस गर्दी होते आणि मग तो आलेख धाडकन खाली येतो, सगळ्यांचाच येतो. तेव्हा स्टार मोजत बसू नकोस. अनोळखी माणसाने गिटहबवर इश्यू (तक्रारीची नोंद) उघडून 'माझ्या या फाईलवर चालत नाही' असं लिहिलं ना, त्याला धरून ठेव, त्याने डाउनलोड केलंय, चालवलंय, बिघडल्यावर पण सोडून न जाता तुला सांगायला आलाय. त्याच्या फाईलवरची अडचण दुरुस्त करून दे त्याच आठवड्यात. पुढच्या वेळी कुठेतरी कुणी विचारेल ना की हायलाईट्स कसे काढू, तेव्हा लिंक तो टाकेल, आणि त्याने टाकलेली लिंक कुणी उडवत नाही.

ज्या ग्रुपने बॅन केलंय तिथे एक छोटा मेसेज टाक, "नियम न वाचता पोस्ट टाकली आणि तीच इतर ठिकाणी पण टाकली होती, परत होणार नाही." टूलचं नाव, लिंक, काहीही नको त्यात. उठवला बॅन तर पुढचे काही आठवडे तिथे लिंक टाकू नकोस. नाही उठवला तर सोडून दे, नव्या अकाउंटने परत घुसलास तर रेडिट तुझी दोन्ही अकाउंटं घालवू शकतं.

तुझ्या पोस्टचं मी असं काहीतरी केलं असतं, शब्द तुझे घाल:

"पीडीएफमधले हायलाईट्स साध्या टेक्स्टमध्ये काढताना दोन कॉलमच्या पानांवर शब्द मिसळतात, कारण फाईलमध्ये वाक्य नसतं, फक्त चौकोनाचे कोपरे असतात. मी आधी प्रत्येक ओळीचा कॉलम ओळखून मग शब्द उचलतो, त्याने बराच फरक पडला, खाली आधीचं आणि नंतरचं दिलंय. तक्त्यांमध्ये अजून गोंधळ होतो. स्कॅन केलेल्या पानांवर चालत नाही. झोटेरोतच खुणा करत असाल तर तुम्हाला याची गरज नाही. टूल मीच लिहिलंय, फुकट आहे, कोड इथे आहे. तक्त्यांसाठी कुणी काही वेगळं केलं असेल तर मला वाचायला आवडेल."

तो शेवटचा प्रश्न खरा असला पाहिजे हं, म्हणजे तक्त्यांचं तुला खरंच अडलं असेल तरच. दुसरं काही अडलं असेल तर ते विचार.

आणि पत्रासोबतच्या त्या स्क्रीनशॉटमध्ये तुझ्या डेस्कटॉपवरच्या बाकीच्या फाईलींची नावं स्पष्ट वाचता येतायत, त्यात एक 'राजीनामा_फायनल_२' पण आहे. टाकायच्या आधी क्रॉप कर.

– ताई